मिठाचा गोळा की सोड्याची माती? सुट्टीत मुलांबरोबर काय मळायचं

सुट्टी लागली की पहिले दोन दिवस चित्रं काढण्यात जातात, तिसऱ्या दिवशी त्याच चित्रांची विमानं होतात आणि चौथ्या दिवशी कुणीतरी येऊन म्हणतं, "बाबा, मातीचं काहीतरी करूया ना, पण मोडायचं नाही हं, ठेवायचं." हे "ठेवायचं" आलं की भानगड सुरू होते. मळा आणि मोडा एवढंच असेल तर कुठलाही गोळा चालतो. टिकवायचं असेल तर घरच्या डब्यांतून होण्यासारखे दोनच प्रकार मला माहितीयत, एक मैदा-मिठाचा गोळा आणि दुसरी खायचा सोडा नि कॉर्नफ्लोअरची शिजवलेली माती. दोन्ही आमच्याकडे इतक्या वेळा झालेत की पातेलं आणि परात दोन्ही मला ओळखतात. कृती बहुतेकांना माहीतच असतील, तरी प्रमाण सांगून ठेवतो. मिठाच्या गोळ्याला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि अंदाजे वाटीभर पाणी, सोड्याच्या मातीला दोन वाट्या सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी आणि मंद आच.

मळण्याच्या बाबतीत मिठाचा गोळा सरळ जिंकतो, उगाच आढेवेढे घेत नाही. गॅस नाही, वाट बघणं नाही, मुलं स्वतः परातीत हात घालतात आणि तुम्ही लांब बसून फक्त "पाणी थोडं, थोडं" एवढंच ओरडत राहायचं. चुकलं तर पीठ घाला, कोरडं झालं तर हात ओला करा, संपलं. तीन वर्षांचं पोरही यात पूर्ण सामील होतं. आणि गोळा तासभर उघडा राहिला तरी फार बिघडत नाही, अर्धवट सोडून जेवायला गेलात नि परत आलात तरी काम पुढे चालू.

फक्त मीठ बारीक घ्या. जाड मीठ गरम पाण्यात आधी विरघळवून घ्या असा सल्ला सगळीकडे मिळतो, मीही ऐकला, पण हिशोब करून बघा की, १०० मिली पाण्यात मीठ विरघळतं साधारण ३६ ग्रॅम, उकळतं पाणी घेतलं तरी ३९-४० च्या पुढे जात नाही. म्हणजे वाटीभर पाण्यात वाटीभर मिठातलं जेमतेम एक तृतीयांश विरघळणार, बाकीचं खड्यासारखं गोळ्यातच राहणार. म्हणून मिठाच्या वस्तूंना तो रवाळ पोत येतो. काहींना तो आवडतो. बारीक नाक-डोळे कोरायचे असतील तर मात्र चिडचिड होते, आणि बोटाला कुठे खरचटलेलं असेल तर चुरचुरतं ते वेगळंच, आमच्या धाकट्याने एकदा त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं.

सोड्याच्या मातीचं उलट आहे. सुरुवातीचा सगळा कारभार मोठ्या माणसाचा. पातेल्यात दुधासारखं पातळ मिश्रण, तुम्ही ढवळताय, ढवळताय, पाच मिनिटं काहीच होत नाही, मुलं दर अर्ध्या मिनिटाला "झालं का" विचारतायत, आणि मग एकदम तळाशी गुठळ्या धरायला लागतात आणि पुढच्या मिनिटभरात सगळं कुस्करलेल्या बटाट्यासारखं होऊन पातेल्याची कड सोडतं. कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च साधारण ६५-७० अंशाच्या आसपास पाणी पिऊन फुगतो, म्हणून हे असं अचानक होतं, आणि म्हणूनच तेवढ्यात फोन उचलायला गेलात तर माती वाया. जास्त आटली की नंतर भेगा पडणार हे नक्की. मग ओल्या फडक्याखाली निववायची, तोपर्यंत पोरांचा उत्साह अर्धा. पातेलं घासायचं काम अर्थातच माझं.

पण एकदा निवून हातात आली की काय मऊ लागते! पांढरीशुभ्र, गुळगुळीत, रवाळपणा अजिबात नाही. पानाचा ठसा घेतला तर शिरासुद्धा उमटतात. मिठाच्या गोळ्यावरही उमटतात, पण भट्टीत गेल्यावर तो थोडा फुगतो आणि अर्ध्या रेषा पुसट होतात, विशेषतः घाई करून ओव्हन जास्त तापवला तर. १२० अंशाच्या आसपास ठेवून दोन-तीन तास द्यायला लागतात, मध्ये उलटं करायचं, आणि जाड असेल तर अजून वेळ. गव्हाच्या पिठाचा गोळाही होतो, रंग तपकिरी येतो एवढंच. ओव्हन नसेल तर नुसत्या हवेवर वाळायला कित्येक दिवस, आणि मुलांच्या हिशोबाने कित्येक दिवस म्हणजे कायमचंच.

सोड्याची माती मात्र एक-दोन दिवसांत आपोआप वाळते, जाळीवर ठेवायची आणि अधूनमधून उलटायची. ओव्हनची गरज नाही, उलट ओव्हनमध्ये घातली तर माझ्याकडे तरी तडे गेलेत. जाडी साधारण अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत ठेवली तर बरं, ढब्बू हत्ती-बित्ती करायला गेलात तर बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि मग पोट फाटतं. हत्ती मिठाचाच करावा.

मजबुतीतही मिठाचं पारडं जड आहे, हे मान्य करायला पाहिजे. नीट भाजलेला मिठाचा तुकडा टेबलावरून पडला तर बहुतेक वेळा ठणकन आवाज करून तसाच राहतो. सोड्याचा पडला तर खडूसारखा दोन तुकडे. चिकटवता येतो, तीच माती पाण्यात पातळ करून भेगेत भरायची नि वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, पण पडू नये हेच बरं. पातळ शेपट्या, कान, फुलांच्या पाकळ्यांची टोकं ही सगळी यात धोक्यात.

रंगाचं एक गमतीशीर. सोड्याच्या मातीत रंग आधीच मिसळता येतो, पण एकदा पिवळा पाहिजे म्हणून मी हुशारीने हळद टाकली आणि गोळा झाला विटकरी लाल! सोडा अल्कधर्मी, त्यात हळद लाल होते, हे शाळेत शिकलेलं मला पातेलं बघेपर्यंत आठवलं नाही. पोरं खूश, त्यांना जादू वाटली. वरून रंगवायला मात्र ही पांढरी माती फार छान, कुठलाही साधा पोस्टर कलर तिच्यावर उठून दिसतो, मिठाच्या पिवळट तुकड्याला आधी पांढरा हात मारावा लागतो.

आता इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस मिठाच्या बाजूचा दिसतोय, सोपं, मजबूत, मुलं स्वतः करतात. होतोच मी त्या बाजूचा. दोन सुट्ट्या आम्ही मिठाचंच केलं.

मग तो हात.

थोरली चार वर्षांची असताना तिच्या पंजाचा ठसा घेतला होता मिठाच्या गोळ्यावर. नीट लाटून, कडा गोल करून, वर दोरीसाठी भोक पाडून, तीन तास भाजून, निळा रंग, वरून वॉर्निशचा हात. भिंतीवर लावला, पाहुण्यांना दाखवला, सगळं झालं. पुढे पावसाची झड लागली, आठवडाभर कपडे वाळेनात अशी हवा, आणि एके सकाळी ती म्हणाली, "बाबा, माझा हात घामेजलाय." मी म्हटलं पूस. तर म्हणे हा नाही, तो. जाऊन बघतो तर खरंच, ठशावर दव पडल्यासारखे थेंब, बोट लावलं तर निळं बोटाला, आणि मागून भिंतीवर ओला डाग.

मी पुसला. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग काढून ओव्हनमध्ये टाकला मंद आचेवर, तर पाणी गेलं पण रंगाला फोड आले, आणि वाळल्यावर त्या फोडांतून पांढरी भुकटी बाहेर आली. ती खरवडली, परत रंगवला, परत वॉर्निश, या वेळी दोन हात. चार दिवस बरा होता. मग भोकाच्या जागी दोरी गोळा कापत कापत वर आली आणि रात्री कधीतरी तो खाली पडला, पडला म्हणजे फुटलासुद्धा नाही, थपकन पसरला. अंगठा लांब झाला होता. भाजून दगड झालेली वस्तू परत कणीक होते हे बघणं फार विचित्र असतं.

कारण साधं आहे, मिठाच्या बरणीचं पावसाळी हवेत जे होतं तेच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं, आणि मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतील तर त्याच्याही आधी. आणि इथे तर वस्तूचा मोठा हिस्सा मीठच. वॉर्निश लावा म्हणतात, बरोबर आहे, पण मागची बाजू, कडा आणि दोरीचं भोक आतून, एवढं सगळं बंद झालं पाहिजे, एक टाचणीएवढी जागा राहिली तरी तिथून सादळायला सुरुवात होते. पांढरा गोंद पातळ करून लावणं तर मुळीच नको, तो स्वतःच दमट हवेत चिकट होतो. आणि आत थोडी ओल असताना वॉर्निश लावलं तर ती ओल आतच कोंडली जाते. मी यातली प्रत्येक चूक क्रमाने केलेली आहे.

कुणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीचं काय. वस्तू बिघडली याचं मलाही फार नव्हतं. पण तो पंजा परत मिळणार नव्हता ना, पोरगी तोपर्यंत मोठी झाली होती, हात मोठा झाला होता. आणि दर दमट आठवड्याला कपाटातल्या सगळ्या कलाकृतींना बोट लावून बघत फिरणं, कुठली ओली झाली, कुठल्या खाली कागद ठेवायचा, हे मला जमेना. रद्दीत टाकू म्हटलं तर मुलं रडतात, ठेवू म्हटलं तर शेल्फ ओलं.

त्यानंतरच्या सुट्टीत धाकट्याचा ठसा सोड्याच्या मातीत घेतला. तोही वॉर्निश करून ठेवलाय, पाण्यात बुडवाल तर तो काही टिकायचा नाही, पण दमट हवेत घाम येत नाही त्याला. एका कोपऱ्याचा टवका गेलाय, तो माझ्या हातून धूळ पुसताना. बाकी रेषा न् रेषा शाबूत. एका ठशावरून सगळं ठरवू नये हे कबूल, आणि तुमच्याकडची हवा कोरडी असेल, वर्षभर कपडे दोन तासांत खडखडीत वाळत असतील, तर माझं हे सगळं रामायण तुम्हाला लागू नाही, बिनधास्त मीठ घ्या. दोन-तीन वर्षांचं मूल असेल आणि वस्तूपेक्षा दुपार घालवणं महत्त्वाचं असेल तरीही मीठच. पण घरात कुत्रं असेल तर मिठाचा गोळा, ओला किंवा भाजलेला, त्याच्या तोंडाजवळ नको. पिठाच्या वासाने कुत्री खातात आणि एवढं मीठ पोटात गेलं तर जिवावर बेततं. सोडाही त्यांना जास्त चालत नाहीच, तोही वरच ठेवायचा.

मुलं सहा-सातच्या पुढची असतील, काहीतरी ठसा, पान, नाव, तारीख असं जपायचं असेल आणि वर्षातले काही महिने घरात ओल येत असेल तर मी तरी सोड्याचं पातेलं चढवीन. वाट बघण्यावर आमच्याकडे एक उपाय निघालाय, माती आदल्या रात्री मीच शिजवून ठेवतो, निवली की हवाबंद डब्यात, वर ओलं फडकं. सकाळी मुलांना तयार गोळा मिळतो, "झालं का" कुणी विचारत नाही. सकाळी थोडी कडक वाटली तर पाण्याचे दोन-चार थेंब लावून मळायची. दोन दिवसांपेक्षा जास्त मात्र ठेवू नका, नंतर ती फुटायला लागते.

आणि दोरीचं भोक जरा मोठं पाडा, वाळताना आकसतं. मी सध्या ओल्या मातीत स्ट्रॉ खुपसून पाडतो, पेन्सिलचं पुरत नाही.