ऑफिसच्या लॉगिनला ऑथेंटिकेटर : आठ महिने आणि एक बंद पडलेला फोन

पासवर्डानंतरची दुसरी पायरी म्हणून फोनवर कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप कुठून घ्यायचं, क्यूआर कसा स्कॅन करायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारा जणांच्या ऑफिसात आठ महिने वापरून तक्रार उरली ती एकच : सेटअपच्या वेळी ‘पुढे’चं बटण सगळे घाईने दाबतात.

त्या क्यूआरमध्ये गुप्त किल्ली असते. किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या हिशोबावरून अ‍ॅप दर 30 सेकंदांनी सहा आकडी कोड काढतं. नेट नको, सिम नको. पण फोन बंद पडला की किल्लीही गेली. नव्या फोनात जुनं सिम घालून काही उपयोग नाही, कारण मोबाइल नंबराचा इथे संबंधच नाही. एसएमएसच्या ओटीपीवर वाढलेल्यांना हे पटवण्यातच अर्धा तास जातो. मग अ‍ॅडमिनची मनधरणी, रीसेट, आणि तोवर मेल बंद.

तोडगा फुकटात होतो. क्यूआर स्क्रीनवर असतानाच तो दोन फोनांत स्कॅन करायचा, दोन्हींवर एकच कोड दिसतोय ना ते बघायचं, मगच ‘पुढे’. दुसरा फोन म्हणजे कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड : फॅक्टरी रीसेट, स्क्रीन लॉक, आणि मुक्काम तिजोरीत. बॅटरी फुगलेली असेल तर तो नको. महिन्यातून एकदा चार्जिंग आणि दहा मिनिटं वायफाय, तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर. हे चुकलं की घड्याळ सरकतं आणि कोड दिसतो व्यवस्थित, पण साइट म्हणते चुकीचा. लोक मग पासवर्ड बदलत बसतात!

हा थाट फक्त मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी. बाकीच्यांना बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे आधीच काढून ठेवलेले कोड, पुरतात. गूगल एका वेळी 10 देतं, आठ-आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. नवा संच काढला की जुना सगळा रद्द, म्हणून कागदावर तारीख हवीच आणि वापरलेल्या कोडवर रेघ. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणाऱ्यांना नमस्कार. गूगलची ऑफिसांसाठीची सेवा वर्कस्पेस असेल तर अ‍ॅडमिनलाही त्या माणसासाठी कोड काढून देता येतात. फोन बिघडला म्हणून दुसरी पायरीच बंद करून टाकायची गरज नसते.

गूगलचं ऑथेंटिकेटर 2023 पासून किल्ल्या खात्यात सिंक करतं. सोय आहे खरी. पण जे खातं उघडायचंय त्याच खात्यात त्याची किल्ली असेल तर काय करणार? शिवाय ऑफिसच्या किल्ल्या कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलमध्ये जाऊन बसतात. आम्ही सिंक बंद ठेवलं.

आता मत बदलल्याची कबुली. चौथ्या महिन्यापर्यंत सिक्युरिटी की ही शुद्ध चैन वाटत होती. कोडाऐवजी लॉगिनच्या वेळी यूएसबीत खोचायची पेनड्राइव्हएवढी वस्तू, किंमत चार आकडी, आणि हरवेल या भीतीने प्रत्येकी दोन घ्यायच्या. पण खोटं लॉगिन पान पासवर्डापाठोपाठ कोडही मागून घेतं आणि 30 सेकंदांच्या आत खऱ्या साइटवर वापरतं. तिथे अ‍ॅप हतबल. की मात्र ज्या डोमेनवर नोंदवली त्यालाच उत्तर देते. पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी गप्प बसते. माणूस फसला तरी ती फसत नाही.

‘मंजूर करा’ची सूचना पाठवणारा प्रकार घेऊच नका, घेतलाच तर स्क्रीनवरचा आकडा फोनात टाकायला लावणारा घ्या. 2022 मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा सूचनांचा मारा करून शेवटी ‘हो’ म्हणायला लावलं होतं. दरमहा पासवर्ड बदलायचा फतवाही आम्ही मोडीत काढला. लोक फक्त शेवटचा आकडा वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनेही 2017 मध्ये ही सक्ती नको म्हणून सांगितलं.

कीच्या खोड्याही आहेत. साध्या मॉडेलवरची सोनेरी चकती बोटाचा ठसा वाचत नाही, नुसता स्पर्श ओळखते. उगाच घासू नका. पिन सलग आठ वेळा चुकला की ती लॉक होते, आणि रीसेट केलं की आतल्या नोंदी पुसल्या जातात. यूएसबी-सीची की घेण्याआधी ऑफिसचे डेस्कटॉप बघा, आमच्या निम्म्यांना ते पोर्टच नाही. सीपीयू टेबलाखाली, पोर्ट मागे, म्हणजे प्रत्येक लॉगिनला दंडवत. शेवटी अ‍ॅडमिन आणि अकाउंट्स या दोघांसाठी मिळून चार की घेतल्या, सोबत दोन यूएसबी एक्स्टेंशन वायरी. बाकीचे दहा जण अ‍ॅपवरच आहेत.