नवीन बाईक आणि टायरमधली कमी हवा: पंपावर भरायची, फूटपंप घ्यायचा की इलेक्ट्रिक इन्फ्लेटर?

बाईक घेऊन दोन महिने झाले असतील, वळणावर हँडल जड लागायला लागलं, गाडी झुकायलाच तयार नाही असं वाटायचं. टायर अंगठ्याने दाबून बघितला तर दगडासारखा टणक, म्हणून हवा आहे असं धरून आठवडाभर तशीच चालवली. मग मित्राचा गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, लावला तर पुढच्या चाकात १७ पीएसआय (दाबाचं माप), हवे होते २५. बाईकच्या टायरच्या बाजू इतक्या कडक असतात की १७ आणि २५ मधला फरक अंगठ्याला कळतच नाही. तेव्हा कुठला पंप घेऊ हे ठरवायच्या आधी स्वतःचा गेज घ्या, अगदी मनापासून सांगतोय.

गेजमध्ये पेनसारखा, गोल डायलचा आणि डिजिटल असे तीन मिळतात. पेनवाला खिशात मावतो पण त्याच्या बारीक रेघा वाचताना एक-दोन पीएसआय इकडेतिकडे होतात, डायलवाल्याला सेल लागत नाही पण एकदा जोरात पडला की त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. नवीन माणसाने डिजिटल घ्यावा, आकडा सरळ दिसतो. फक्त दर वेळी तोच वापरा, कारण दोन गेजचं एकमेकांशी क्वचितच जुळतं.

किती हवा पाहिजे ते मॅन्युअलमध्ये आणि बहुतेक बाईकवर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेनकव्हरच्या स्टिकरवर असतं. टायरवर कोरलेला आकडा बघून भरू नका, तो जास्तीत जास्त वजनासाठीची कमाल हवा सांगतो. पुढचं-मागचं वेगळं, मागे कोणी बसणार असेल तर बऱ्याचदा मागच्या चाकाचा आकडा आणखी वेगळा. आणि हे सगळे आकडे थंड टायरचे, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजलेले.

आता पेट्रोल पंपावरची हवा. मशीन दमदार, चटकन भरून होतं, विकत काही घ्यावं लागत नाही. पण तिथे पोचेपर्यंत टायर तापतो आणि गेज दोन-चार पीएसआय जास्त दाखवतो, म्हणजे तिथे स्टिकरवरच्या आकड्याएवढी भरली की सकाळी थंड झाल्यावर कमीच निघणार. त्यावर उपाय असा की घरून निघताना थंड टायर मोजा, समजा ४ कमी आहेत, पंपावर पोचल्यावर स्वतःच्याच गेजने परत मोजा, जो आकडा येईल त्यात ४ वाढवा, बस. गरम टायर जास्त दाखवतोय म्हणून हवा सोडायची तर अजिबात नाही. दुसरी अडचण नोझलची, डिस्क आणि स्पोकच्या मधे सरळ नोझल शिरत नाही, तिरपं धरलं की भरायच्या ऐवजी आहे तीच हवा फुस्स करून जाते. काटकोनात वळलेला व्हॉल्व बसवून घेतला की हा त्रास संपतो.

फूटपंप मला वाटतं लोक उगाच विसरलेत. ना बॅटरी ना वायर, दहा वर्षांनीही कोपऱ्यातून काढला की चालतो, आणि चार-पाच पीएसआय वाढवायचे तर फारसा दमही लागत नाही. सायकलचा उभा पंपसुद्धा चालतो, फक्त त्याचं तोंड कारच्या व्हॉल्वला बसणारं पाहिजे कारण बाईकला तोच व्हॉल्व असतो. पूर्ण बसलेला मागचा टायर शून्यापासून भरायचा तर मात्र घाम निघतो, आणि सोबत न्यायला हा अवजडच.

इलेक्ट्रिक इन्फ्लेटरमध्ये दोन प्रकार. चार्ज होणारा सीटखाली किंवा बॅगेत बसतो, आकडा सेट केला की तिथे येऊन आपोआप थांबतो, सोय खरोखर मोठी आहे. पण त्याच्या आतल्या गेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आणि आटे फिरवून पाइप काढताना थोडी हवा जाते म्हणून मी एक पीएसआय जास्त भरतो आणि मग गेजने मोजून खाली आणतो. महिनोन्महिने पडून राहिला तर नेमका गरजेच्या वेळी चार्ज नसतो. वायरवाला बाईकच्या बॅटरीवर चालतो, चार्जिंगची भानगड नाही, पण तो बराच करंट खेचतो, त्यामुळे मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटवर चालत नाही, फ्यूज असलेली वायर थेट बॅटरीला जोडून घ्यावी लागते. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) छोट्या नळकांड्या सायकलला ठीक, बाईकचा मागचा टायर एका नळकांडीत भरत नाही, सोडून द्या.

खरा निर्णय मात्र तुमचा टायर ट्यूबचा की ट्यूबलेस यावर होतो. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते, इन्फ्लेटर आणि स्ट्रिपचं (भोकात रबरी पट्टी ठोसायचं) पंक्चर किट जवळ असेल तर रस्त्याच्या कडेला काम होतं, फक्त किट हातात नसताना खिळा उपटू नका. ट्यूब असेल तर हवा पटकन जाते, चाक काढून ट्यूबला पॅच लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मग सोबत महागडा इन्फ्लेटर असून फार उपयोग नाही, घरी फूटपंप आणि गेज पुरे. मी स्वतः ट्यूबलेसवाला, लांब जातो, म्हणून चार्जवाला घेतला. घर-ऑफिस एवढंच असतं तर फूटपंपच घेतला असता.

आणि हवा नुसती भरत राहू नका, का कमी झाली ते बघा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय जातातच, थंडी पडली की दर पाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय उतरतो, हे चालायचंच. आठवड्यात चार-पाच उतरले तर लीक आहे. साबणाचं पाणी आधी व्हॉल्वच्या तोंडावर टाका, मग टायरवर फिरवत रिमच्या कडेपर्यंत या. माझ्या पुढच्या चाकाला व्हॉल्वच्या तोंडाशीच मोहरीएवढे बुडबुडे येत होते, व्हॉल्वच्या आतली हवा अडवणारी पिन सैल होती आणि वरचं टोपण कधी पडलं पत्ताच नव्हता. पिन घट्ट केली, रबर सील असलेलं नवीन टोपण लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायर मोजला तर पूर्ण २५.