कामुंडा की टेम्पोरल? जिनिंगच्या कामासाठी

हिंगणघाटकडच्या कापसाच्या एका जिनिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या भाच्यानं विचारलं, "मामा, कामुंडा की टेम्पोरल, कोणतं इंजिन घेऊ?" इंजिन म्हणजे कामाच्या पायऱ्या क्रमानं चालवणारं सॉफ्टवेअर. फाटकावर गाडीची नोंद, काटा, ओलावा, ग्रेड आणि मग कास्तकाराच्या खात्यात पैसे, अशी साखळी आहे.

कामुंडात प्रक्रिया बीपीएमएन आकृतीत काढतात, म्हणजे चौकोन आणि बाणांनी पायऱ्या दाखवायची ठरलेली पद्धत. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल कुठे वळतो, हे ग्रेडरला बोट ठेवून दाखवता येतं. टेम्पोरलमध्ये सगळं कोडमध्येच. चूक पकडणारा माणूस बाहेर राहतो, ही मला मोठी उणीव वाटते.

वीज गेली तर? टेम्पोरल प्रत्येक पायरीची नोंद ठेवतं; वर्कर (पायऱ्या चालवणारा प्रोग्राम) परत उठला की इतिहास पुन्हा चालवून तिथूनच पुढे जातो. पुन्हा चालवताना उत्तर तेच यायला हवं, त्यासाठी वर्कफ्लोच्या (पायऱ्यांच्या साखळीच्या) कोडमध्ये थेट घड्याळ वाचायचं नाही, ही शिस्त पाळावी लागते. कामुंडा ८ सुद्धा स्थिती जपतं. पण दोन्हींत पैसे पाठवण्याची पायरी पुन्हा चालू शकते. म्हणून काटापावतीचा क्रमांक बँकेच्या विनंतीला जोडच, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली हे ओळखता येईल, नाहीतर एका गाडीचे पैसे दोनदा जातील.

खर्च सरळ आहे: टेम्पोरलचा सर्व्हर एमआयटी या फुकट, मुक्त परवान्याखाली आहे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो. कामुंडा ८.६ पासून स्वतःच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष कामाला लावायचं तर परवाना विकत लागतो.

नियम दर हंगामात बदलणारे, मंजुरी देणारी माणसं बरीच आणि परवान्याला पैसे असतील तर कामुंडा. दोन-तीन प्रोग्रामर आणि बँक, एसएमएस अशा बाहेरच्या सेवांशी जास्त काम असेल तर टेम्पोरल. भाच्याचं काम मला दुसऱ्या प्रकारातलं वाटतं, म्हणून त्यानं टेम्पोरलच घ्यावं, आणि आकृती कागदावर काढून ग्रेडरला दाखवावी.