सासूबाईंचं दोन टबांचं मशीन: चार महिने पुन्हा वापरल्यावर

पहिलीच गोष्ट, हे वॉशिंग मशीन दुकानात मिळणार नाही, तेव्हा किंमत विचारू नका. 1993 साली सासऱ्यांनी दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं सेमी ऑटोमॅटिक. पत्र्याची बॉडी, खालून गंजलेली. आमच्या संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना, त्यामुळे तेव्हा गल्लीत बऱ्याच जणांकडे त्यांचंच. आमचं दुसऱ्या कंपनीचं. गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षं पडून होतं. भंगारवाल्याला मी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा सासूबाई जिन्यात आडव्या उभ्या.

खाली आणलं ते फुल्ली ऑटोमॅटिकनं मान टाकली म्हणून. ऐन श्रावणात, वॉरंटी संपून दोन महिने होतात न होतात तोच. सर्व्हिसवाला मुलगा आला, मागचं कव्हरही न काढता म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेला." म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. साडेसहा हजार, व्हिजिटचे चारशे वेगळे. कशानं गेला? तर व्होल्टेज, नाहीतर उंदीर, नाहीतर तुमचं बोअरचं पाणी. तीन फोन आणि दोन ईमेल झाल्यावर मी नाद सोडला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं जुन्याला बेल्ट आणि कपॅसिटर टाकला, मजुरीसकट साडेपाचशे.

आता मुद्द्याचं. स्पिनर, म्हणजे कपडे पिळायचा टब.

मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर फुल्ली ऑटोमॅटिक घेतलंच नसतं. जुन्याच्या मागच्या पट्टीवर मिनिटाला 1350 फेरे लिहिलंय, नव्यावर 700. नव्याचा ड्रम मोठा, म्हणून मला वाटायचं बरोबरीत सुटत असेल. पण मी शाळेत गणित शिकवते, राहवलं नाही, टेप घेऊन दोन्ही ड्रम मोजले. पाणी बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, त्रिज्येच्या मात्र साध्या पटीत. जुना ड्रम निम्म्याहून लहान असूनही जोर पावणेदोन पट भरला. हिशेब राहू द्या, जीन्स बघा. संध्याकाळी पिळून पंख्याखाली टाकली की सकाळी घालता येते. नव्यातली दुसऱ्या दिवशीही कमरेशी दमट आणि कुबट. पावसाळ्यात दोन मुलांचे गणवेश वाळवणाऱ्या बाईला बाकीचे सोळा प्रोग्रॅम काय करायचेत?

दुसरं पाणी. जायकवाडी इथून तासा-दीड तासावर, पण नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. नव्याचा पाईप मी एकदा बादलीत सोडून मोजलं: एका फेरीला अठरा लिटरच्या सात बादल्या. जुन्यात साबणाचं पाणी एकदाच भरायचं, टबाच्या खुणेपर्यंत चाळीसेक लिटर. आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. सासूबाईंचा हा क्रम पक्का. शेवटी नॉब 'ड्रेन'वर फिरवायचा तोही पाईप न्हाणीच्या दारात ठेवून, म्हणजे उरलेल्या पाण्यात न्हाणी आणि ओटा दोन्ही धुऊन होतात. खळबळण्याचे दोन टब धरले तरी तिन्ही घाणे मिळून नव्याच्या एका फेरीइतकं पाणी. लग्न होऊन आले तेव्हा मी या प्रकाराला नाकं मुरडली होती. "अहो आई, त्याच पाण्यात?" आता मी स्वतः करते आणि त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

टायमर चावीचा आहे. धुण्याला पंधरा मिनिटं, पिळण्याला पाच. स्प्रिंगवर चालतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही. भारनियमनाच्या काळात वीज गेली तरी तो एकटाच कर्रकर्र करत शून्यावर यायचा आणि कपडे तसेच भिजत पडलेले. परवा तेच झालं. वीज आल्यावर पुन्हा पिळा, की झालं. नव्यात वीज गेली की आल्यावर तो कुठून सुरू करेल ते त्याच्या मनावर.

इथपर्यंतचं मी दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्यातलं काही आता परत घ्यावं लागतंय.

दिवाळीच्या आवराआवरीत स्पिनरखालून पाणी गळायला लागलं. आतलं रबरी सील फाटलेलं, पाणी थेट मोटरच्या दिशेनं. सील एकशेवीस रुपयांचं, पण या मापाचं शोधायला गुलमंडीपर्यंत चार दुकानं पालथी घातली. शिवाय मशीनजवळून हलता येत नाही. पाणी सोडा, बंद करा, काढा, खळबळा, स्पिनरमध्ये दाबून भरा, वर जाळीची चकती बसवा. चकती विसरलात तर एखादा मोजा ड्रमच्या बाहेर पडून तळाशी जातो आणि मग कपाळावर हात. भरताना एक बाजू जड झाली की सगळं मशीन थडथडत भिंतीकडे चालायला लागतं. साड्यांची वेणी होते ती वेगळीच. रविवारचे अडीच तास जातात. सासूबाई हे वर्षानुवर्षं करत होत्या, आणि आम्ही म्हणायचो, कपडे मशीन धुतं.

चादरी आणि रजया यात मावत नाहीत, त्या अजून लाँड्रीत जातात. तेवढ्यासाठी नवं दुरुस्त करावं असं ह्यांचं म्हणणं. मागच्या आठवड्यात पुन्हा फोन केला, बोर्ड साडेसहा हजारच. लाँड्रीचे महिन्याला तीनशे, म्हणजे पावणेदोन वर्षं तरी घाई नाही. तोवर नव्याच्या झाकणावर इस्त्रीचे कपडे छान राहतात.