चियांग माईचा थाई स्वयंपाकवर्ग: घरी काही महिने रांधल्यानंतरचा अनुभव

थायलंडला निघालेल्या ओळखीच्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: तिथे कुकिंग क्लास करण्यात काही अर्थ आहे का, की ते सगळं फोटोपुरतंच? वर्ग संपवून बाहेर पडताना पोट भरलेलं असतं आणि सगळेच खूश असतात, त्यामुळे त्या दिवशीच्या मतावर विसंबू नये. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझ्या नवऱ्याने चियांग माईत दिवसभराचा वर्ग केला. त्यानंतर ठाण्याच्या घरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. त्यातलं काय टिकलं आणि काय विरून गेलं, हे आता खात्रीने सांगू शकते. वर्ग जरूर करा, पण ज्या वर्गात करीचं वाटण तुम्हाला स्वतःच्या हाताने कुटायला लावतात, तोच निवडा. बाकीचं बरंचसं व्हिडिओ बघून जमतं.

चियांग माईत असे वर्ग गल्लोगल्ली आहेत. अर्ध्या दिवसाचे साधारण हजार बाहतच्या आसपास पडतात, पूर्ण दिवसाचे थोडे जास्त. सकाळी हॉटेलवर गाडी घ्यायला येते, आधी बाजारात नेतात आणि मग शहराबाहेरच्या शेतावर किंवा जुन्या शहरातल्या एखाद्या घरी. प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी आणि कढई मिळते. सूप, परतलेला पदार्थ, करी, सॅलड आणि गोड, अशा प्रत्येक प्रकारातून एकेक पदार्थ आपण निवडायचा. आमच्या शिक्षिका मध्यमवयीन होत्या, मोजकं बोलणाऱ्या आणि हाताने दाखवणाऱ्या.

बाजारातली फेरी मला आधी वेळखाऊ वाटली होती. घरी आल्यावर तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. नारळाचं दूध तिथे ताजं काढून देतात, आणि त्यातलं घट्ट कुठलं, पातळ कुठलं हे तिथेच चाखायला मिळालं. गलांगल, म्हणजे आल्यासारखाच दिसणारा कंद, आणि आलं शेजारी शेजारी ठेवून वास घ्यायला लावला. एकाचा वास थंड, पाइनच्या लाकडासारखा, दुसऱ्याचा उष्ण आणि तिखट. तो फरक एकदा नाकाला कळला की ‘गलांगल नसेल तर आलं घाला’ ही सूचना वाचवत नाही. तुळशीचेही तीन प्रकार हातात दिले: परतण्यासाठी कप्राव, करीत घालायचा होरापा आणि लिंबासारख्या वासाचा मेंगलाक. कप्राव म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने आपलीच तुळस, पण वास लवंगेकडे झुकणारा आणि पानं मऊ. वृंदावनातली तुळस कढईत घालणं आमच्या घरी कुणाच्या मनातही येणार नाही. म्हणून मी होरापाचं बी कुंडीत लावलं आणि तेवढ्यावर भागवते. कप्रावचा खरा पदार्थ त्यामुळे माझ्याकडून होत नाही, हे मान्य.

आता वाटणाबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते इथे.

हिरव्या करीसाठी प्रत्येकापुढे दगडी खल आणि बत्ता ठेवला होता. आधी भाजलेले धणे, जिरं, पांढरी मिरी आणि जाडं मीठ. त्याची पूड झाल्यावर मिरच्या, मग गलांगल, मक्रूट नावाच्या खडबडीत सालीच्या सुवासिक लिंबाची साल, गवती चहाचा बुडखा, कोथिंबिरीची मुळं, आणि त्यानंतर लसूण आणि लहान लाल कांदे. कोळंबीची आंबवलेली पेस्ट, जिला तिथे कापी म्हणतात, ती सगळ्यात शेवटी. कोरडं आणि कडक आधी, ओलं मागाहून. मीठ आधीच असल्याने ते वाळूसारखं काम करतं आणि मिरचीची साल फाटते. कांदा-लसूण आधी टाकलं की पाणी सुटतं आणि बत्ता नुसता घसरत राहतो. बराच वेळ काही घडतच नाही असं वाटतं, दंड भरून येतो, आणि मग अचानक खलातून वर येणारा वास बदलतो. वेगवेगळ्या जिनसांचे वास संपतात आणि एकच वास उरतो. शिक्षिका त्या क्षणी बोटाने थोडं वाटण उचलून दोन बोटांत चोळून बघायच्या. धागा लागला तर मान हलवून पुन्हा कुटायला सांगायच्या.

घरी मी हे दगडी खलबत्त्यात करते, आणि जास्त माणसं असली की आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पाट्यावर. मिक्सरमध्येही होतं, पण पातं फिरण्यापुरतं पाणी घालावं लागतं आणि ते वाटण तेलात परतताना शिजतं, भाजत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर पाण्याऐवजी नारळाचा पातळ रस घाला आणि गवती चहा आधी अगदी बारीक चिरून घ्या.

दुसरी गोष्ट नारळाच्या रसाची. आमच्या माहेरी, मालवणकडे, रस फुटू नये म्हणून केवढी काळजी. घट्ट रस शेवटी घालायचा, उकळी येऊ द्यायची नाही. थाई करीची सुरुवातच रस फोडण्यापासून होते. फक्त घट्ट रस कढईत मध्यम आचेवर ठेवायचा. आधी तो फसफसतो, मग बुडबुडे लहान होत जातात, आवाज बारीक होतो आणि कडेने स्वच्छ तेल सुटायला लागतं. त्या तेलात वाटण परतायचं, आणि खमंग वास आला की मगच भाजी किंवा मांस आणि पातळ रस. हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुठल्याही पुस्तकावर माझा विश्वास बसला नसता. डब्यातला किंवा खोक्यातला रस पुष्कळदा फुटत नाही, कारण तो एकजीव राहावा म्हणून त्यात इमल्सिफायर घातलेलं असतं. पाकिटावर नारळ आणि पाणी एवढंच लिहिलं असेल तर चालतं. मी ओला नारळ खवून घट्ट रस काढते. त्या बाबतीत कोकणातल्या माणसाला वर्गात शिकण्यासारखं काही नाही.

जिनसांचं काय, हे सगळे विचारतात. गवती चहा आपल्याकडे चहासाठी पातींचाच मिळतो, आणि वाटणाला लागतो तो खालचा पांढरा, जाड भाग. भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवलं की त्या बुडखा न कापता आणतात. कुंडीत लावला तर प्रश्नच मिटतो. गलांगल मुंबईच्या मोठ्या भाजीबाजारात मिळतं. एकदम आणून चकत्या करून फ्रीजरमध्ये ठेवावं. मक्रूट लिंबाची पानंही फ्रीजरमध्ये छान टिकतात. त्यांना पर्याय नाही, साध्या लिंबाच्या पानांनी तो वास येत नाही, म्हणून मी रोपवाटिकेतून कलम आणलं. ताजी मुळं, पानं किंवा बियाणं तिकडून बॅगेत घालून आणण्याचा विचार करू नका, वनस्पतींच्या क्वारंटाइनच्या कागदपत्रांशिवाय ते चालत नाही. ताडाच्या साखरेऐवजी गोव्याचा माडाचा गूळ वापरते, आणि तो अगदी चपखल बसतो. कापीच्या जागी भाजलेल्या जवळ्याची पूड घालून पाहिली. वास वेगळा येतो पण करी रिती वाटत नाही. मिरची लवंगी.

वर्गात शिकवलेल्या पदार्थांपैकी हिरवी करी आमच्याकडे आता नेहमीची झाली आहे. तॉम खा, म्हणजे नारळाचं गलांगल घातलेलं सूप, पावसाळ्यात वरचेवर झालं. तॉम याम कुंग क्वचित, चांगली कोळंबी मिळाली तरच. त्या सूपाला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. सोम ताम, कच्च्या पपईचं सॅलड, मला फार आवडतं, पण त्याला मातीचा उंच खल आणि लाकडी बत्ता लागतो. पपई कुटायची नसते, हलकेच ठेचत चमच्याने वरखाली करायची असते. आपल्या लहान खलबत्त्यात ती मावत नाही. पाड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स, घरी एकदाच केलं आणि सोडून दिलं. घरगुती गॅसची आच पुरत नाही आणि नूडल्सचा गोळा होतो, ते दुकानातच खावं. आंबा आणि चिकट भात मात्र हापूसच्या दिवसांत पाहुण्यांना आवर्जून केला. त्याला ग्लुटिनस तांदूळच हवा, इंद्रायणीने तो पोत येत नाही. आसामचा बोरा तांदूळ मिळाला तर उत्तम. रात्रभर भिजवून वाफवायचा, गरम असतानाच गोड नारळरसात मिसळून झाकून ठेवायचा, आणि वरून घालायच्या रसात मीठ जरा जाणवेल इतकं.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आमच्या आई श्रावणात आणि चतुर्थीला काटेकोर पाळतात. बहुतेक वर्ग विचारून फिश सॉसऐवजी सोया सॉस देतात. पण वाटण तयार असेल तर त्यात कापी आधीच असते. बुकिंग करताना नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि कापी या तिन्हींची नावं घेऊन विचारा. तिथे ‘जे’ नावाचं काटेकोर जेवण असतं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसतं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांना ती पाटी ओळखता आली की बाहेरच्या जेवणाची चिंता संपते. आता आईंसाठी मी कापी आणि कांदा-लसूण वगळून वाटण करते आणि मीठ वाढवते. पहिल्यांदा चाखल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, आंबट कमी पडतंय, गूळही थोडा हवा.” शिक्षिका दिवसभर आम्हाला नेमकं हेच करायला लावत होत्या: प्रत्येक पदार्थ उतरवण्याआधी चाखा आणि खारट, आंबट, गोड, तिखट यांतलं कुठलं मागे पडलंय ते सांगा. प्रमाणांचा कागद कधीच मागे पडला, ही चाखण्याची सवय घरात राहिली.

त्रुटीही आहेत. दिवसभराच्या वर्गात खाणं इतकं होतं की तिसऱ्या पदार्थानंतर चव कळेनाशी होते. सकाळी नाश्ता करू नका. मिळणारी पुस्तिका सुबक असते, पण तिच्यात ‘करी पेस्ट दोन चमचे’ असं लिहून वाटणाची कृती उरकलेली असते. ती जागेवरच वहीत लिहून घ्या, आणि जिनसांच्या थाई लिपीतल्या नावांचे फोटोही काढा. पर्यटकांसाठी तिखट बरंच कमी ठेवतात, मराठी जिभेने आधीच सांगून ठेवावं.

त्याच सहलीत बँकॉकला आम्ही संध्याकाळचा एक छोटा वर्ग केला होता. तिथे भाज्या चिरलेल्या, सॉस वाट्यांत मोजून ठेवलेले, वाटण डब्यातलं. आम्ही फक्त क्रमाने कढईत टाकलं. जेवण चविष्ट होतं, शिकवणारे हसतमुख होते, पण तिथलं काहीही मी घरी पुन्हा केलेलं नाही. म्हणून बुकिंगआधी दोनच प्रश्न विचारा: वाटण कोण कुटतं, आणि चिरायचं कोण?

चियांग माईला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळण्याचा धूर असतो, त्या दिवसांत शेतावरचा उघड्यावरचा वर्ग टाळा. नोव्हेंबर ते जानेवारी हवा सुरेख असते. वर्ग सहलीच्या सुरुवातीला घ्या. आम्ही तसं केलं, म्हणून नंतर रस्त्याकडेच्या टपरीवर खाओ सोई, म्हणजे नारळाच्या करीतल्या नूडल्स, खाताना वर तरंगणारं तेल कुठून आलं, सोबत मोहरीच्या पानांचं लोणचं आणि लिंबू का दिलं, हे सांगावं लागलं नाही, आणि कुठल्या टपरीवर पुन्हा जायचं हेही आम्हीच ठरवू शकलो.