नवऱ्याचे ३ किलो, माझे ९: रकिंगच्या गटातले रविवार

नवरा आणि मी सकाळी चालायला एकत्र निघायचो, पण एकत्र चालायचो ते पहिल्या वळणापर्यंतच. माझी चाल भरभर, त्याची सावकाश. मी थांबले की माझा व्यायाम होत नसे, त्याने वेग वाढवला की त्याचा गुडघा बोलायला लागे. म्हणून दर रविवारी पाठीवर ओझं घेऊन चालणारा, म्हणजे रकिंग करणारा, एक गट नवख्यांनाही घेतो हे कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: माझ्या पाठीवर ओझं दिलं तर आमची चाल जुळेल का?

पहिल्याच रविवारी जुळली. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या.

रकिंग म्हणजे सॅकमध्ये वजन भरून चालणं, बस. गट चालवणाऱ्या ताईंनी आधी पाठीची, मानेची, गुडघ्याची दुखणी विचारली, मग प्रत्येकाची सॅक ताणकाट्याला लावली. सुरुवातीला शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जायचं नाही, हा त्यांचा नियम. माझं वजन ६२ किलो, म्हणून मला ६. गुडघ्यामुळे नवऱ्याला २. वजन म्हणजे लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, आणि ही युक्ती मला फार आवडली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. वाटेत झेपेनासं झालं तर झाडाच्या बुंध्याशी ओतायचं आणि पुढे चालायचं. तिसऱ्या रविवारी एका नव्या मुलीने दोन बाटल्या ओतल्या आणि कुणी एक शब्दही काढला नाही. या गटाला मी भरभरून गुण देते ते याच गोष्टीसाठी. इथे जोरात चालणारा पुढे निघून जात नाही, तो जास्त वजन घेतो. सगळ्यांत हळू चालणारा माणूस पुढे असतो आणि बाकीचे त्याच्या चालीने चालतात.

सॅक भरण्यावर ताईंनी पहिल्या दिवशी चांगली वीस मिनिटं घातली. त्या वेळी मला ते जरा जास्त वाटलं होतं, आता वाटत नाही. तळाशी जाड टॉवेल, त्यावर बाटल्या, म्हणजे वजन कमरेशी लोंबत नाही, खांद्यांच्या दोन फऱ्यांमध्ये पाठीला चिकटून बसतं. वजन खाली गेलं की ते मागे ओढतं, तोल सावरायला आपण पुढे वाकतो आणि संध्याकाळी मान धरते. दहा मिनिटं चालून झालं की सगळे थांबतात आणि पट्टे पुन्हा आवळतात. वजन घेऊन पळायला इथे सक्त मनाई आहे. सैन्यातली उदाहरणं वाचून आलेल्या एकाने विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "अमेरिकन पायदळाच्या एका बिल्ल्यासाठी ३५ पौंड घेऊन १२ मैल तीन तासांत चालावं लागतं. म्हणजे १६ किलो, १९ किलोमीटर. त्यांना ते नोकरीसाठी करायचं असतं. तुम्हाला उद्या सकाळी जिना उतरायचाय." आम्ही ५ किलोमीटर चालतो, साधारण सव्वा तासात.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती मी त्यांना तोंडावरही सांगितली आहे. शेवटी सगळ्यांचा फोटो निघतो आणि ग्रुपवर प्रत्येकाच्या नावापुढे किलो लिहिले जातात. त्या आकड्याच्या नादाने मी पाचव्या आठवड्यात ७ वरून एकदम ११ वर गेले. अर्ध्या वाटेत डाव्या हाताची बोटं बधिर झाली. पट्टा खांद्यावरच्या नसा दाबत होता. सॅक उतरवल्यावर मुंग्या गेल्या, पण मी घाबरले होते. डॉक्टरांनी दोन आठवडे ओझं बंद करायला सांगितलं. आता दोन आठवड्यांत एक किलो, त्याहून जास्त नाही, आणि छातीचा पट्टा लावल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. फोटो जरूर काढा, पण किलो लिहू नका, हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

सॅकबद्दल बरेच जण विचारतात. पहिले दोन महिने मुलाची जुनी कॉलेजची सॅक पुरली, तुम्हीही तेच करा. नंतर मी वजनाच्या लोखंडी प्लेटसाठी आत वेगळा कप्पा असलेली खास सॅक घेतली. प्लेट जागची हलत नाही, हे सुख खरंच मोठं आहे, कारण बाटल्या कितीही गुंडाळल्या तरी थोड्या हलतातच. पण रिकामी सॅकच जड आहे, पट्टे मऊ व्हायला महिना गेला, पाठ घामाने चिंब होते आणि कमरेचा पट्टा वेगळा घ्यावा लागला. नवऱ्याला अजूनही बाटल्याच बऱ्या वाटतात. बुटांकडे मात्र गटात कुणी बघत नाही, बघायला हवं. मला पहिले दोन फोड आले ते बोटांशी आवळणाऱ्या बुटांमुळे. आता अर्धा नंबर मोठा बूट आणि जाड मोजे.

चढाच्या दिवशी वजन कमी करायचं, हेही इथेच शिकले. १९७७ सालचं पँडॉल्फ या संशोधकाच्या नावाचं एक समीकरण आहे: ओझं घेऊन चालणाऱ्याची किती ऊर्जा खर्च होईल, हे त्याचं वजन, ओझं, वेग, चढ आणि पायाखालची जमीन यांवरून काढायचं. ताईंनी आकडेमोड करून दाखवली नाही, फक्त एका चढावर आम्हाला तेच वजन घेऊन नेलं. श्वासानेच समजलं.

येत्या रविवारी पुन्हा तोच चढ आहे. मी ९ वरून ७ वर येणार. नवरा ३ वरच राहणार आहे, आणि पुढे तो असेल.