मल्टिप्लेक्स बघितलं, ऑपरेटरच्या नजरेनं

छत्रपती संभाजीनगरच्या एका मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला मुलानं आम्हा दोघांना नेलं. सून सोबत होती. मी परभणीला टॉकीजमधे ऑपरेटर होतो, म्हणजे केबिनमधे बसून मशिनवर पिच्चर दाखवणारा. आधी कार्बनच्या कांड्या जाळून पडणाऱ्या उजेडावर पिच्चर दाखवले, मग झेनॉनच्या दिव्यावर, शेवटी डिजिटलवर. त्यामुळं खुर्ची किती मऊ आहे यापेक्षा माझं लक्ष पडद्याच्या कडांकडं जातं. त्या नजरेनं जे दिसलं ते लिहितो.

आधी चांगलं. पडद्याच्या चारी कोपऱ्यांत उजेड सारखा होता. ही सोपी गोष्ट नाही. कार्बनच्या काळात दोन कांड्यांमधलं अंतर सांभाळत बसावं लागायचं. लक्ष हललं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून ओरडा सुरू व्हायचा. इथं काळा रंग काळाच दिसला. रात्रीच्या प्रसंगात नटीच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसलं. आवाज समोरून, बाजूनं, डोक्यावरून येतो आणि कुजबुजही कळते. आमच्या टॉकीजला वर पत्रे होते. पावसाचा जोर वाढला की संवाद अर्धे कळायचे, अर्धे अंदाजानं समजून घ्यायचे. चित्र आणि आवाज, दोन्हीला मी मनापासून पैकीच्या पैकी मार्क देतो.

दुसरं चांगलं म्हणजे बायकांची स्वच्छतागृहं. हे सौ.ला विचारून लिहितोय. पाणी होतं, दाराला कडी होती, उजेड होता. टॉकीजच्या मालकांनी ही गोष्ट कधी मनावर घेतली नाही. बायका यायच्या थांबल्या आणि बायका थांबल्या तशी घरंच्या घरं थांबली. टॉकीज टीव्हीनं, मोबाइलनं मारली असं सगळे म्हणतात. मी या कारणाचा नंबर त्याच्याही वर लावतो. सून म्हणाली, "मामा, इथं मी एकटीपण रात्रीचा शो बघू शकते." परभणीत त्या काळी हे कुणी बोललं नसतं.

आता तक्रार. पिच्चर स्कोपचा होता, म्हणजे चित्र रुंद, आणि पडदा त्या मानानं उंच. अशा वेळी वर-खाली जी मोकळी पट्टी राहते ती काळ्या कापडानं झाकायची असते. आम्ही न्यूजरील संपून स्कोपचा पिच्चर सुरू व्हायच्या आत कापड सरकवायचो, लेन्स बदलायचो. इथं कापडच बसवलेलं नाही. करड्या पट्ट्या शेवटपर्यंत डोळ्यात खुपत राहिल्या. २८० रुपये तिकीट घेणाऱ्यानं पडद्याला कापड लावायला पाहिजे.

इंटरव्हलनंतर डाव्या बाजूचा आवाज गेला. पुढच्या ओळीतला एक जण उठून सांगून आला. दारावरचा पोरगा म्हणे, "सर, कम्प्लेंट टाकली आहे." एक गाणं आणि एक मोठा प्रसंग तसाच गेला. मी मागं वळून केबिनच्या काचेकडं बघितलं, आत माणूस दिसला नाही. सगळ्या पडद्यांचं वेळापत्रक एका कॉम्प्युटरवर लावून ठेवतात. शो आपोआप सुरू होतो, दिवे आपोआप लागतात. तेही नावं यायच्या आधीच लागले, शेवटचं दृश्य पडद्यावर असताना.

आमचं दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं. एक रीळ एका मशिनवर, पुढचं दुसऱ्या मशिनवर. चालू रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला त्या मशिनचा उजेड सोडायचा. म्हणजे शो चालू असताना पडद्याकडं बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यातून आपला शो बघायची सवय हाडात भिनली. फोकस हलला तर "ए ऑपरेटर!" अशी हाक यायची, शिव्याही यायच्या. पण ती हाक ऐकणारा माणूस तिथं होता आणि त्याचा हात मशिनवर होता. डिजिटलमधे रिळं गेली, हे चांगलंच झालं. शो बघणारा माणूस काढून टाकायची मात्र काही गरज नव्हती.

रिळांचा मला मोह नाही. मराठवाडा १९४८ ला निझामाच्या राजवटीतून सुटला, तरी पिच्चर वाटायला धंद्यानं जे विभाग पाडले होते त्यांत आम्ही निझाम सर्किट नावाच्या विभागातच राहिलो. रिळांची पेटी हैदराबादकडून यायची, ती मुंबईनंतर कितीतरी आठवड्यांनी, आणि रिळावर ओरखडे घेऊन. २००५ नंतर सॅटेलाइटवरून पिच्चर यायला लागले आणि मुंबईचा शुक्रवार आणि आमचा शुक्रवार एक झाला. तेव्हा वाटलं होतं, टॉकीज वाचली. पण त्याच्या आधीच सरकारनं मल्टिप्लेक्सला करमणूक करात सुरुवातीची काही वर्षं माफी दिली होती. जुन्या टॉकीजला ती नव्हती. हजार खुर्च्यांच्या हॉलला पंखे, वीज, डागडुजी आणि समोर पन्नास माणसं, असं किती दिवस चालणार? शेवटी आमच्या मालकांनी कुलूप लावलं. मी त्यांना दोष देत नाही.

खर्चाचं सांगतो. चौघांची तिकिटं, दोन पॉपकॉर्न आणि चहा मिळून दोन हजारांच्या जवळ गेले. सोयाबीन काढणीला जाणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरी एका तिकिटात संपते. आमच्या टॉकीजची थर्ड क्लासची बाकडी अशाच लोकांनी भरायची. बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसायची. ती मला मॉलमधे कुठं दिसली नाहीत. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आता ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८. सेलू, जिंतूर, गंगाखेडसारख्या गावात दीड-दोनशे खुर्च्यांचं, शंभराच्या आतल्या तिकिटाचं थिएटर कुणी काढलं तर त्याला मशीन बसवायला मी स्वतः जाईन, पैसे न घेता. अट एकच, केबिनमधे माणूस ठेवायचा.

ज्यांना याच मल्टिप्लेक्सला जायचं आहे त्यांच्यासाठी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा शो घ्या, तिकीट बरंच कमी पडतं. पुढच्या ओळी सोडा, मधल्या ओळींच्या थोडं मागं आणि बरोबर मध्यावर बसा, आवाज तिथं सगळ्यात चांगला जुळतो. पायऱ्या उंच आहेत आणि धरायला कठडा नाही, म्हातारी माणसं सोबत असतील तर दिवे चालू असतानाच आत जा. बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मधे थिएटरवाल्यांना तशी बंदी घालायची मुभा दिली आहे, पण प्यायचं पाणी फुकट द्यायलाच लागतं. इथं फिल्टर स्वच्छतागृहाच्या बाजूला कोपऱ्यात आहे, ग्लास मागून घ्यावा लागतो. आणि शो चालू असताना आवाज गेला तर दारावरच्या पोराला सांगून परत येऊन बसू नका. मॅनेजरला बोलवा आणि तो आवाज सुरू होईपर्यंत त्याच्यासोबत उभे राहा.